चिंचदऱ्याची शिल्लक

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर कुंडलिकनं सव्वीस वर्षं काढली. आभाळातलं त्यानं कधी काही पाहिलं नाही. त्याचं काम त्या अजस्र तबकड्यांच्या खाली. दातेरी चाकांत ग्रीस भरायचं, बोल्ट आवळायचे आणि रोजचे आकडे वहीत लिहायचे. नोकरीला नवा असताना एकदा आकडा घ्यायला वर चढायचा कंटाळा आला, म्हणून त्यानं कालचाच आकडा आजच्या रकान्यात उतरवला. साहेबांनी तो बरोबर पकडला. ते रागावले नाहीत, शेजारी बसवून एवढंच सांगितलं, की एक आकडा खोटा निघाला की मागचे सगळे खरे आकडेही संशयात जातात. दहावी नापास कुंडलिकला आयुष्यात कुणी दिलेली शिकवण म्हणावी अशी ती एवढीच, आणि ती त्यानं अंगाला लावून घेतली.

निवृत्त होऊन तो चिंचदऱ्याला घरी आला, ते साल दुष्काळाचं. चिंचदरा म्हणजे आळे आणि खोडदच्या मधल्या माळावरचं दीडशे उंबऱ्यांचं गाव. धरणाचा कालवा गावाच्या पायथ्याला वळसा घालून पुढं जातो. त्याचं पाणी दिसतं, वापरता येत नाही. गाव सगळं विहिरींवर. त्या वर्षी फेब्रुवारीतच विहिरींनी तळ दाखवला आणि टँकर सुरू झाला. ज्याच्या हातात चार पैसे होते त्यानं बोअरची गाडी बोलावली. एकाची बोअर लागली की शेजाऱ्याची विहीर बसायची, मग शेजारी आणखी खोल जायचा. माळावर दिवसभर गाड्यांची घरघर आणि पांढरी भुकटी.

गेणभाऊ आणि कुंडलिक एका पाटीवर शिकलेले. गेणभाऊ बोलण्यात पहिल्यापासून तरबेज. सोसायटी, दूध डेअरी, ग्रामपंचायत, सगळीकडं त्याचा शब्द चालायचा. एके दिवशी तो कुंडलिकच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, की सगळी माणसं आंधळ्यासारखी जमिनीत भोकं पाडताहेत, खाली किती आहे हे कुणालाच ठाऊक नाही. तू मोजशील का? बाकीचं मी बघतो.

कुंडलिकनं दुसऱ्याच आठवड्यात नारायणगावहून तीस मीटरची टेप आणली, तिच्या टोकाला लोखंडी नट बांधला आणि गावातल्या एकतीस विहिरी नेमून घेतल्या. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी तो निघायचा. काठावर पालथं पडून टेप सोडायची, नटाचा पाण्याला लागल्याचा आवाज ऐकायचा, आकडा लिहायचा. आधी लोक हसायचे. एक तारखेला कुंडलिक दिसला की म्हणायचे, आला विहिरींचा डॉक्टर, नाडी बघायला. वर्षभरानं त्यानं शाळेच्या भिंतीवर चुन्यानं एकतीस आडव्या रेघा ओढल्या आणि कुठल्या विहिरीचं पाणी किती उतरलं ते दाखवलं, तेव्हा हसणं थांबलं. आपापली रेघ सगळ्यांना कळली.

त्यावर दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेनं ठराव केला. नवी बोअर नाही, ऊस आणि केळी नाही, कांद्याला ठिबक किंवा तुषार. आणि दर दसऱ्याला पाण्याचा ताळेबंद: पाऊस किती झाला, मुरला किती, पिकांना लागेल किती. ठराव गेणभाऊनं मांडला. पण कागदावरच्या ठरावानं गाव बदलत नसतं. दोघं मिळून घरोघर गेले. गेणभाऊ बोलायचा, कुंडलिक वही उघडून दाखवायचा. दोघांनी मिळून चार शिव्याही खाल्ल्या. पाझर तलावातला गाळ काढताना दोघं एकाच पाटीला लागले. त्या दोन वर्षांत त्यांच्या बायका म्हणायच्या, की यांची लग्नं एकमेकांशीच लावायला हवी होती.

ठरावाची खरी कसोटी लागली ती ठमाबाईच्या बांधावर. ठमाबाई ही नाल्याच्या कडेची. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, पदरात एक लेक, अडीच एकर रान आणि त्यात जुनी बांधीव विहीर. एका उन्हाळ्यात विहिरीनं दगा दिला आणि दारापुढचा मिरचीचा फड वाळायला लागला, तेव्हा तिनं पाटल्या मोडून बोअरची गाडी सांगितली. गाडी बांधावर उभी राहिली आणि गावाचा श्वास अडकला. तिला परवानगी दिली तर उद्या सगळ्यांना द्यावी लागणार. गेणभाऊ त्या दिवशी मंचरला लग्नाला गेला होता. कुंडलिक एकटाच गेला.

तो फार बोलला नाही. वही तिच्यापुढं धरली आणि म्हणाला, "तुमच्या इहिरीचा झरा मेलेला न्हाई, वरच्या अंगाला चार बोअर चालत्यात म्हणून दबलाय. त्या बंद ऱ्हायल्या तर दोन पावसाळ्यांत पाणी वर येईल. माझ्या आकड्यावर इस्वास ठिवा."

ठमाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं वहीकडं पाहिलं नाही, कुंडलिकच्या तोंडाकडं पाहिलं. मग गाडीवाल्याला येण्याजाण्याचं डिझेल देऊन तिनं गाडी परत पाठवली. दोन दिवसांत गेणभाऊनं वरच्या चौघांना बोअर बंद ठेवायला राजी केलं. मिरची गेली. त्या वर्षी ती लेकीला घेऊन खुरपणीला दुसऱ्यांच्या रानात जात राहिली, आणि कुंडलिकला वाटेत भेटली तर नेहमीसारखं "काय भाऊ" म्हणत राहिली. दोन नाही, तीन पावसाळे लागले. तिसऱ्या वर्षी मार्च महिन्यात तिच्या विहिरीत बावीस फुटांवर पाणी होतं. आधी ते एक्केचाळीसवर असायचं. ठमाबाईनं त्याला घरी बोलावून पुरणपोळी घातली.

असं ते गाव सावरलं. टँकर येईनासा झाला. बाहेरची माणसं बघायला येऊ लागली, जिल्ह्याचे अधिकारी आले, कॉलेजची पोरंपोरी आली. गेणभाऊ भाषण करायचा आणि शेवटी म्हणायचा, आता आमचे शास्त्रज्ञ बोलतील. कुंडलिक उभा राहून आकडे वाचायचा आणि खाली बसायचा. ताळेबंदाच्या शेवटच्या ओळीत आता एक शब्द यायला लागला होता: शिल्लक. गावाच्या गरजा भागून जमिनीत राहिलेलं पाणी. ती ओळ वाचताना त्याचा आवाज जरा जड व्हायचा. दरवेळी तो पुढं सांगायचा, की ही शिल्लक खर्चायची नाही, पाऊस पाठ फिरवेल त्या वर्षाची ती बेगमी आहे.

मग एका दिवाळीनंतर गेणभाऊ आला. आदर्श गावांच्या यादीसाठी फाइल पाठवायची आहे, सात वर्षांचे आकडे स्वच्छ अक्षरात उतरवून दे, म्हणाला. कुंडलिकनं पंधरा दिवस खपून चौदा पानं तयार केली. प्रत्येक पानाखाली सही केली. त्याच सुमारास त्याच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. टेपवरचे बारीक आकडे दिसेनात, सुनेला, अश्विनीला, सोबत न्यावं लागे. गेणभाऊनंच डॉक्टरांची वेळ घेतली, पंचवीस जानेवारीची. कुंडलिक म्हणाला, की दुसऱ्या दिवशी ग्रामसभा आहे, पुढची तारीख घेऊ. गेणभाऊ म्हणाला, डोळा महत्त्वाचा, सभेचं मी बघतो. त्यानं स्वतःच्या गाडीतून त्याला नारायणगावला नेलं आणि ऑपरेशन होईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिला. डोळ्याला पट्टी बांधून बाहेर आलेल्या कुंडलिकचा हात धरून त्यानंच त्याला गाडीपर्यंत आणलं.

उन्हाळ्यात नाल्याच्या कडेच्या गेणभाऊच्या रानाला तारेचं कुंपण पडलं. त्यानं ते रान विकलं हे गावाला तेव्हा कळलं. कांद्याचं शीतगृह होणार, असं तो सांगत होता. पत्र्याची शेड उभी राहिली. आणि मेच्या एका सकाळी कुंडलिकला ओट्यावर बसल्या बसल्या बोअरच्या गाडीची घरघर ऐकू आली. सात वर्षांत माळावर तो आवाज आला नव्हता. तो तसाच उठून, टोपी न घालता, चालत गेला. कुंपणाच्या आत दोन गाड्या लागल्या होत्या. मुकादमानं त्याला फाटकावरच थांबवलं. बाटलीबंद पाण्याचा कारखाना आहे, दोन बोअर मंजूर आहेत, गावाची ना हरकत आहे, असं तो म्हणाला. आवाजात उर्मटपणा नव्हता. त्याच्या दृष्टीनं सगळं रीतसर होतं.

अश्विनी नारायणगावच्या सेवा केंद्रात दाखले काढून द्यायचं काम करायची. तिनं आठ दिवसांत कागद मिळवले. संध्याकाळी ती स्वयंपाकघरातून ते घेऊन बाहेर आली आणि तिनं ते सासऱ्यापुढं ठेवले.

"मामा, तुम्ही बसून वाचा," ती म्हणाली.

कंपनीच्या अर्जाला कुंडलिकची चौदा पानं जोडलेली होती. ताळेबंदातल्या शिल्लक या शब्दाखाली कुणी तरी लाल रेघ मारली होती, आणि अर्जात लिहिलं होतं, की गावाच्या स्वतःच्या मोजणीनुसार गरजेपेक्षा जास्त पाणी उपलब्ध आहे. त्याच्यापुढं सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेचा ठराव. नाल्याकडेच्या नव्या उद्योगाला पाण्यासाठी ना हरकत द्यावी. सूचक, गेणभाऊ. अनुमोदक, कुंडलिक.

त्यानं ते नाव दोनदा वाचलं. नव्या डोळ्याला अक्षर अगदी लख्ख दिसत होतं. सभा चालू होती त्या वेळी तो डोळ्याला पट्टी बांधून घरी खाटेवर उताणा पडलेला होता, आणि गेणभाऊला हे त्याच्याइतकंच ठाऊक होतं.

गेणभाऊ घरीच होता. कागद पाहून त्यानं लपवाछपवी केली नाही, बायकोला चहा टाकायला सांगितला. कुंडलिक उभाच राहिला. गेणभाऊ बराच वेळ बोलला. गावातल्या बारा पोरांना काम लागणार, थोरल्या नातवाचं शिक्षण, पाणी अडवून अडवून म्हातारे झालो तरी माळाला कुणी मुलगी देत नाही, किती दिवस नुसती बेगमी राखायची. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून ते ऐकणं जास्त जड गेलं.

"हे सगळं मला सांगायचं व्हतंस," कुंडलिक म्हणाला. "सभेत मांडायचं व्हतंस. मी इरोध केला असता, हरलो असतो, हरकत नव्हती. माझं नाव का घातलंस, गेणू?"

गेणभाऊनं पहिल्यांदा नजर खाली केली. "माझ्या एकट्याच्या नावानं लोकांनी शंका काढली असती. सभेत मी शीतगृहच म्हनालो, आन् कुंडलिकनं मोजून सांगितलंय म्हटल्यावर कुणी हात खाली ठिवला न्हाई. तुझ्या सहीला लई वजन हाये तालुक्यात."

चहा आला होता. कुंडलिक तो न घेता निघाला. पन्नास वर्षांत त्या घरातून चहाशिवाय तो कधी गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भावकीतल्या गोकुळच्या मोटरसायकलवर बसून तो जुन्नरला गेला. तहसील कचेरीसमोर महंमद हनीफ चाळीस वर्षं अर्ज लिहून देत होता. दुर्बिणीच्या नोकरीचा अर्जही कुंडलिकला त्यानंच लिहून दिला होता. त्यानं सगळं ऐकलं, कागद उलटसुलट पाहिले आणि तक्रार लिहिली. अधिकाऱ्यांनी ती नीट वाचली. ठरावातल्या नावाची चौकशी होईल, म्हणाले, त्याला वेळ लागेल. मग त्यांनी चौदा पानं पुढं ओढली. या सह्या तुमच्या? कुंडलिक हो म्हणाला. आकडे खरे? तो पुन्हा हो म्हणाला. मग परवानगी ज्यावर दिली गेली तो आधार तर खराच आहे, असं अधिकारी म्हणाले. पाणी शिल्लक आहे असं तुम्हीच लिहिलंय.

कुंडलिकनं सांगायचा प्रयत्न केला, की शिल्लक म्हणजे उरलेलं नव्हे, राखलेलं. अधिकाऱ्यांनी मान डोलावली. पण त्या दोन अर्थांसाठी त्यांच्याकडं वेगवेगळा रकाना नव्हता.

बाहेर आल्यावर हनीफनं त्याला आणि गोकुळला टपरीवर बसवलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "भाऊ, एक वाट हाये. लिहून देतो, टेप तुटकी व्हती, डोळ्याला दिसत नव्हतं, आकडं अंदाजानं लिवलं. मोतीबिंदूचा कागद जोडू. परवानगी आकड्यांवर उभी हाये. आकडं पडलं की ती पन पडंल."

गोकुळचे डोळे चमकले. कुंडलिक उठून रस्त्यापलीकडं गेला, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. त्याला ठमाबाईचा बांध दिसत होता. नव्या बोअरपासून तिची विहीर तीनशे पावलंही नव्हती. एका ओळीचं काम होतं. पण ती ओळ लिहिली तर सात वर्षं ज्यांनी ज्यांनी बोअर रोखून धरली, ऊस मोडला, ते सगळे एका अंदाजावर फसले असं होणार होतं. उद्या कुणीही म्हणेल, कुंडलिकचे आकडे खोटे होते, मग ठराव कशाला पाळायचा? आणि दुसरं कारण होतं, ते त्यानं स्वतःपासूनही लपवलं नाही. त्याला खोटं लिहवत नव्हतं. गेणभाऊनं मित्र नेला होता, नाव नेलं होतं. ती चौदा पानंच आता त्याची म्हणण्यासारखी उरली होती.

तो परत आला आणि म्हणाला, "टेप चांगली व्हती, हनीफभाई."

हनीफनं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. त्यानं आग्रह केला नाही. गोकुळनं मात्र जुन्नरला काय झालं ते घरी पोचल्यावर गावात सांगितलं.

कारखाना गणपतीत सुरू झाला. फुलांच्या माळा घातलेली पहिली गाडी भरून गेली, तेव्हा गेणभाऊनं नारळ फोडला. पावसाळा बरा झाला होता तरी पुढच्या फेब्रुवारीत ठमाबाईच्या विहिरीत पाणी अडतीस फुटांवर गेलं. मार्चमध्ये नट कोरड्या दगडावर आपटला. कुंडलिक काठावर पालथा पडलेला असतानाच ठमाबाई घरातून बाहेर आली. तिनं पदर खोचला आणि विहिरीच्या दुसऱ्या काठावर उभी राहिली.

"जुन्नरला एक ओळ लिवली असती तर थांबत व्हतं म्हनं," ती म्हणाली.

कुंडलिक उठून बसला. खोटं लिहावं लागलं असतं, असं तो म्हणाला.

"मग लिवायचं. माझी मिरची गेली तवा मी कुणाला इचारलं का, खरं का खोटं? तुमच्या शब्दावर गाडी मागं धाडली." तिचा आवाज चढला नाही. "गेणभाऊनं फशिवलं त्याचं मला काय वाटत न्हाई. त्याच्याकडं मी कधी काय मागितलंच न्हाई. तुमी तुमची वही वाचिवली, भाऊ."

त्याच्याकडं उत्तरं होती. ती टपरीसमोरच्या पायरीवर त्यानं शोधून ठेवली होती. इथं, त्या कोरड्या विहिरीच्या काठावर, त्यातलं एकही तोंडातून निघेना. टेप गुंडाळून तो उठला. त्या दिवशी उरलेल्या विहिरी त्यानं मोजल्या, पण एकाही घरी पाणी प्यायला थांबला नाही.

एक मेच्या ग्रामसभेत त्यानं उभं राहून सांगितलं, की सव्वीस जानेवारीच्या त्या ठरावाला माझं अनुमोदन नव्हतं, मी सभेलाच नव्हतो, माझं नाव काढा. कुणी गेणभाऊकडं पाहिना, कुणी कुंडलिककडंही पाहिना. बारा घरांतली पोरं कारखान्यात कामाला होती. ग्रामसेवकानं म्हणणं नोंदवून घेतलं आणि पुढचा विषय पुकारला. पुढचा विषय होता, जुना ठराव शिथिल करून गरजूंना बोअरची परवानगी देण्याचा. कारखान्याला दोन चालतात तर आम्हाला एक का नाही, असं पहिला म्हणाला तो गोकुळ. हात वर झाले, आणि आठ वर्षांचा ठराव पाच मिनिटांत संपला.

त्या उन्हाळ्यात चिंचदऱ्यात सतरा बोअर झाल्या. गेणभाऊ देवळात समोर आला तर "राम राम, कुंडलिका" म्हणायचा. कुंडलिक वाट सोडून बाजूला व्हायचा आणि उत्तर द्यायचा नाही. चौकशीचा कागद जूनमध्ये आला. ठरावातील अनुमोदकाचं नाव अनवधानानं नोंदलं गेल्याचं आढळलं, ते वगळण्यात येत आहे, मूळ परवानगीवर त्याचा परिणाम होत नाही. अश्विनीनं तो वाचून दाखवला आणि कुठं ठेवू, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "ठिव कुठंबी."

ठमाबाईनं लेकीच्या लग्नासाठी राखलेलं मणीमंगळसूत्र मोडलं आणि तिच्या बांधावर पुन्हा गाडी आली. कुंडलिकला कुणी बोलावलं नव्हतं. तरी तो गेला. पांढऱ्या भुकटीत सगळे जमले होते, तो जरा लांब, बांधाच्या कडेला उभा राहिला. दुपारपर्यंत नुसती धूळ निघत राहिली. ठमाबाई पाइपांची मोजदाद करत खाली मातीत बसली होती. प्रत्येक पाइप आत गेला की तिचे ओठ हलायचे. चारच्या सुमाराला भुकटी ओली झाली, मग गढूळ धार उसळली. लोकांनी कडं केलं, कुणी तरी गूळ आणायला पळालं.

लेकीनं कपबश्यांचं ताट फिरवलं. ती कुंडलिकपर्यंत आली आणि थांबली, आईकडं पाहायला लागली. ठमाबाईनं ओल्या हातानंच खूण केली, दे त्यांनाबी. त्यानं कप घेतला. धार दीड इंच आहे, असं गाडीवाला सांगत होता. कोणत्या थरात लागलं ते कुंडलिकला भुकटीच्या रंगावरून कळलं होतं, आणि खालच्या अंगाच्या कोणत्या पाच विहिरी आता बसणार तेही. त्यानं चहा संपवला, कप ताटात ठेवला आणि घराची वाट धरली.

पुढच्या एक तारखेला तो मोजायला निघाला नाही. खालच्या अंगाच्या दोन शेतकऱ्यांनी सकाळी फोन केले, भाऊ आज आला न्हाईत, म्हणून विचारलं. अश्विनीनं त्यांना सांगितलं, की मामांना बरं वाटत नाही.